साबण न लावता

नवरा मला धोबीण म्हणतो. अठ्ठावीस वर्षं मी पेशी बर्फात ठेवून थंड डिटर्जंटने फोडते, साखरेच्या पाण्याच्या थरांखाली घालते आणि अठरा तास सेंट्रिफ्यूजमध्ये गरगरवते. पेशीच्या आवरणातले चरबीचे तराफे विरघळत नाहीत, तरंगत वर येतात. मी अभ्यासते ते प्रथिन दर वेळी त्या पांढुरक्या पट्ट्यात सापडतं, म्हणजे ते तराफ्यावर बसतं. माझ्या आयुष्यभराच्या कामाचा हा एकच निष्कर्ष.

"तराफे तुझा साबणच बनवतो," नवरा म्हणतो. आमच्याच संस्थेत वरच्या मजल्यावर तो जिवंत पेशीतला एकेक रेणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. जेवताना आम्ही यावरून इतकं भांडायचो की सासूबाईंना बरेच दिवस वाटायचं, भांडण कुणा नातेवाइकावरून आहे.

या महिन्यात मी निवृत्त होतेय. शेवटचा लेख पाठवण्याआधी मीच त्याला पेशी नेऊन दिल्या. "साबण न लावता बघ. प्रथिन तराफ्यावर असेल तर अडखळत फिरेल. आणि माझी भीड धरू नकोस."

तीन दिवस स्वारी वरच्या मजल्यावरच. एकदाही धोबीण म्हणाला नाही. चौथ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "तुझंच बरोबर आहे गं."

हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते.

"तुला खोटं बोलता येत नाही. आकडे दाखव."

तो खुर्चीत बसला. "मोकळं फिरतंय. कुठेच थबकत नाही. सात वेळा पाहिलं."

मला रडू आलं आणि रागही. प्रथिनाचा नव्हे, याचा.

"निवृत्तीची भेट म्हणून थाप देणार होतास?"

"तुझा पडलेला चेहरा बघवणार नव्हता मला."

दुपारी मी लेखात लिहिलं, 'माझा आधीचा निष्कर्ष चुकीचा होता. प्रथिन डिटर्जंटमुळे पट्ट्यात गोळा होत होतं.' त्याने वाचलं आणि 'माझा' खोडून 'आमचा' केलं.

"तू कधी मानला होतास तो?"

"मानला नाही. पण भांडलो ना इतकी वर्षं त्याच्याशी."

माणूस लाघवी आहे, काय करणार. तरी मी ते परत 'माझा' केलं. चूक माझीच होती. सापडली मात्र त्याला, म्हणून लेखकांत त्याचं नाव माझ्या शेजारी घातलं. एखाद्या गोष्टीवर आमचं एकमत झालं आणि खाली दोघांची नावं आली, असं लग्नाच्या नोंदणीनंतर पहिल्यांदाच घडलं.