कराच्या आदल्या दिवशी

उद्या, एक जुलैपासून सीएनजी गाड्यांवरचा कर वाढणार होता, त्यामुळे पनवेलच्या त्या शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कोमल आणि तिचा नवरा कल्पेश सकाळपासून ताटकळले होते. गेल्या वर्षी तळोज्याच्या कंपनीतून स्कूटरवरून परतताना दोघांना डंपरने उडवलं होतं. कल्पेशच्या पायात अजून सळी होती. तेव्हाच कोमलने गाडीचं मनावर घेतलं.

सेल्समन निनाद घाईघाईने आला. "मॅडम, तुमची पांढरी गाडी काही आज येत नाही. पण हेच मॉडेल राखाडी रंगात तयार आहे. आत्ता सही करा, जुन्याच करात बसवतो."

"चालंल," कल्पेश लगेच म्हणाला.

कोमल गाडीभोवती फिरली. मागचा डावा दरवाजा लावला, तर आवाज बोदा आला. तिने वाकून पाहिलं. बिजागरीच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे होते.

"हा दरवाजा बदललाय का?"

"छे! कोरी गाडी आहे."

"मग तसं लिहून द्या."

निनादने इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "ट्रेलरवरून उतरवताना जरा घासली, एवढंच. लवकर सांगा, मागे गिऱ्हाईक थांबलंय."

कल्पेशने तिचं मनगट धरलं. "कोमल, सही कर. एका दरवाज्यापायी उद्या जास्तीचं भरायचं काय?"

"त्यानं आत्ताच खोटं सांगितलं. आजून काय लपवलंय, तुला ठाव हाय?" तिने पेन टेबलावर ठेवलं. "मी नाय करणार सही."

कल्पेश लंगडत तडक बाहेर गेला. त्याच्या मागे निघालेली कोमल दारातच थबकली. निनाद एका वयस्क जोडप्याला तीच राखाडी गाडी दाखवत होता. "एकदम कोरी, काका."

पांढऱ्या गाडीचं बुकिंग याच लोकांच्या हातात होतं. तरी ती परत फिरली.

"काका, सही करायच्या आधी मागचा दरवाजा बघून घ्या. बदललाय तो."

काकांनी पेन खाली ठेवलं आणि मॅनेजरला बोलावलं. बरीच वादावादी झाली. शेवटी मॅनेजरने किंमत उतरवली, दुरुस्तीचं लिहून दिलं, आणि काकांनी तीच गाडी घेतली. निनाद कोमलजवळून जाताना पुटपुटला, "तुमची कधी येईल, आता सांगता येणार नाही."

कल्पेश रस्त्यापलीकडे उभा होता. तिने सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "आता खेटे घालायला लावतील."

खेटे घालावेच लागले, वाढलेला करही भरावा लागला. त्या दिवसांत कल्पेश कामापुरतंच बोलायचा. जुलै सरता सरता पांढरी गाडी मिळाली. कोमल चालवायला बसली, तो शेजारी बसला आणि समोर बघत म्हणाला, "पयली उलव्याला घे, आईकडं. तिला मी सांगून ठेवलंय, शोरूमवाल्याला तू कसं गप केलंस ते. आख्ख्या आळीला सांगत सुटलीय ती."