हिंमतराव माझ्या पात्यावर बसला तेव्हा

मी एक जुना छतावरचा पंखा आहे. मित्रांनो, मला अजून पंखा म्हणायचं की नाही, ते तुम्ही माझी गोष्ट ऐकून ठरवा. मी मात्र स्वतःला पंखाच म्हणणार. पदवी काढून घेतली म्हणून माणूस लहान होत नाही, तसंच माझं.

माझा जन्म कारखान्यातला. बिडाचं पोट, तांब्याच्या तारेची आतडी आणि पत्र्याची तीन रुंद पाती. पोटावर चार इंग्रजी अक्षरं उठवली होती. ती मलाही वाचता येत नव्हती आणि मला विकत घेणाऱ्या बाईंनाही नाही. आम्हा दोघांचं त्यावाचून काही अडलं नाही.

त्या बाई म्हणजे चंद्रप्रभाबाई. यजमान श्यामकांत केंद्र सरकारच्या कचेरीत, म्हणून लग्न होऊन त्या दिल्लीला आलेल्या. दिल्लीचा पहिला उन्हाळा अंगावर निघाला तेव्हा नवऱ्याला घेऊन त्या करोल बागेत गेल्या. दुकानात आम्ही सगळे पंखे एकदम फिरत होतो. बाई म्हणाल्या, "बाकी सब बंद करो. एक-एक की आवाज सुननी है."

दुकानदार हसला. "बहनजी, पंखे की हवा देखते हैं, आवाज नहीं."

"हवा तो सब देते हैं. दोपहर को किरकिर कौन सुनेगा, तुम?"

एकेक पंखा ऐकून त्यांनी मला निवडलं. त्या दिवसापासून माझी मान ताठ आहे.

सरकारी क्वार्टरमध्ये मी राबलो. श्यामकांत निवृत्त झाले आणि मयूर विहारला सोसायटीत फ्लॅट मिळाला तेव्हा टेम्पोत माझ्यासाठी गादी घातली होती. पुढे श्यामकांत गेले. मुलगा विश्वनाथ, सून कुमुद आणि नात अहिल्या असं घर झालं आणि चंद्रप्रभाबाई आजी झाल्या. आतल्या खोल्यांत नवे पंखे आले, हलक्या जातीचे, सोनेरी पट्टेवाले. हॉलमध्ये मात्र मीच. कुणी मानाचं माणूस आलं की आजी म्हणायच्या, "इथे बसा, पंख्याखाली." त्यांच्याकडचा तो सर्वांत मोठा सत्कार होता.

मला अजून एक काम होतं. त्या वर्षांत उन्हाळ्यात लाइट जायची, ती कधी येईल याचा नेम नसे. आजींचा घरात हुकूम होता, "लाइट गेली तरी हॉलच्या पंख्याच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही. ते चालूच राहू दे. लाइट आली की हाच सांगेल." दुपारी त्या माझ्याखाली डोळे मिटून पडत. माझा पहिला झोत चेहऱ्यावर आला की म्हणत, "आली बाई एकदाची." लाइट आल्याची बातमी घरात मी द्यायचो, मित्रांनो. ट्यूबलाइटला कोण विचारतो? ती आधी दहादा डोळे मिचकावणार.

हे बटणाचं लक्षात ठेवा. पुढे त्यावरच एक जीव टांगला गेला.

विश्वनाथ मानेसरच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याच्याबरोबरच्या एकाची बदली झाली, त्यानं आपला पोपट यांच्या गळ्यात घातला. आपल्याकडचे हिरवे पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे. हा परदेशी जातीचा होता, कॉकटील म्हणतात तो. राखाडी अंग, डोक्यावर तुरा, गालांवर नारिंगी टिकल्या. आधीच्या मालकानं त्याच्या पंखांची पिसं कात्रीनं छाटलेली. भांडं पडलं की हा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात. कुकरची शिटी झाली की तुरा ताठ आणि हा गारठलेला. आजींनी त्याला पाहिलं आणि म्हणाल्या, "काय शूर आहे. याचं नाव हिंमतराव ठेवा."

काही महिन्यांनी जुनी पिसं गळून नवी आली. एके दिवशी पिंजरा साफ करताना हिंमतराव फडफडत निघाला तो थेट टीव्हीवर जाऊन बसला. घरात गहजब.

विश्वनाथ म्हणाला, "चलो, पुन्हा छाटायला हवीत. आपल्याच भल्यासाठी नाही, त्याच्याही."

अहिल्या रडकुंडीला आली. "बाबा, बर्ड आहे तो. उडणार नाही तर काय करणार?"

वरच्या मजल्यावरचे खन्नाजी साखर मागायला आले होते, त्यांनी तिसराच सल्ला दिला. "पार्क में छोड़ दो जी थोड़ी देर. घूम-फिर के आ जाएगा. पंछी घर पहचानता है."

आजींनी त्यांना गॅलरीत नेऊन वर बोट दाखवलं. आभाळात घारी घिरट्या घालत होत्या. "वो भी घर पहचानती है, भाईसाब. अपना." मग साखर दिली. परत आल्यावर म्हणाल्या, "घरात ओळखीच्या भिंती, म्हणून तो वळतो. बाहेर एक फटफटी वाजली की हा घाबरून सुटेल तो यमुनेपार. परत यायचं तरी कुठून आलो हे ठाऊक हवं."

शेवटी निवाडा त्यांनीच केला. "घरात उडू दे. पण माझ्या नियमानं. आणि एकदा जरी जिवावर बेतलं, तर कात्री. मग रडायचं नाही."

"प्रॉमिस," अहिल्या म्हणाली.

"प्रॉमिस तुझ्या शाळेत. इथे कबूल म्हण."

"कबूल."

त्यानंतर हिंमतरावाला सोडण्याआधी घरात लगीनघाई चाले. खिडकीच्या काचेवर पडदा ओढायचा, कारण पाखराला काच दिसत नाही, मोकळी वाट दिसते. आरशावर टॉवेल. गॅस बंद, कढईतलं तेल गार झालेलं. बादलीवर पाट, कारण एवढासा जीव वाटीभर पाण्यातही बुडतो. गॅलरीचं जाळीचं दार लावलेलं. आणि माझं बटण बंद. "हा मेला एका फटक्यात पाखराचं भुस्कट करेल," आजी माझ्याकडे बघून म्हणत. मला राग येत नसे. माझ्या ताकदीचीच ती तारीफ होती.

अहिल्यानं त्याला हातावर यायला शिकवलं. बाजरीचे दाणे मुठीत घ्यायची आणि बोलवायची. त्यात एक गुपित होतं. आजी समोर असल्या की ती "ये हिंमत, ये" म्हणायची आणि हिंमतराव पडद्याच्या दांडीवर ढिम्म. आजी खालच्या भजनाला गेल्या की ती शिटी वाजवायची, दोन तुकड्यांची, आणि हा बाणासारखा हातावर. आजींच्या घरात मुलींनी शिटी वाजवायची नव्हती. "ते नाक्यावरच्या टवाळांचं काम." म्हणून शिटी फक्त मला ठाऊक होती. छतावरून सगळं दिसतं. बोलता येत नाही, एवढंच.

मे महिन्यातली संध्याकाळ होती. लूचा गरम वारा थांबला होता, पण भिंती अजून भट्टीसारख्या. लाइट गेली. लिफ्ट बंद, म्हणून आजी भजनाला गेल्या नाहीत. माझ्याखालच्या खुर्चीत त्यांचा डोळा लागला. गॅलरीतून अजून उजेड येत होता. कुमुद स्वयंपाकघरात पीठ मळत होती. हिंमतरावाच्या सरावाची वेळ झाली होती. अहिल्यानं पडदा ओढला, टॉवेल टाकला, जाळीचं दार लावलेलं आहे हे पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी थांबलेलो होतो.

"पंखा बंदच आहे," ती पुटपुटली आणि तिनं पिंजरा उघडला.

मी बंद नव्हतो, मित्रांनो. मी फक्त थांबलो होतो. बटण चालू होतं, रेग्युलेटर पाचवर होता. माझ्या पोटातली प्रत्येक तार लाइटची वाट बघत होती. मला ओरडायचं होतं. पंख्याला आवाज असतो तो फिरतानाच.

तेवढ्यात कंपनीच्या बसनं दमून विश्वनाथ आला. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. "काय मरण आहे यार," म्हणत त्यानं पिंजऱ्याकडे न बघता जाळीचं दार धाडकन उघडलं. हवा यावी म्हणून.

त्या आवाजानं हिंमतराव उसळला. एवढा वर तो कधी आला नव्हता. एक घेर घेतला आणि बसला. कुठे? माझ्या पात्यावर.

त्या पात्यावर इतक्या वर्षांत धुळीखेरीज कुणी बसलं नव्हतं. बारीक नख्या पत्र्यावर सरकल्या, घट्ट झाल्या. त्याच्या छातीची धडधड मला पत्र्यातून कळत होती. तो मला झाडाची फांदी समजला होता.

"बाबा, दार," अहिल्या कुजबुजली.

विश्वनाथनं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हलू नकोस. मी स्टुलावर चढून धरतो त्याला." पिठाचे हात घेऊन कुमुदही बाहेर आली. तिघंही पाखराकडे बघत होती. बटणाकडे कुणीच नाही.

आणि समोरच्या ब्लॉकमधून पोरांचा गलका उठला, "आ गई! आ गई!"

आमच्या सोसायटीत लाइट एकदम सगळीकडे येत नसे. आधी समोरच्या ब्लॉकला, मग आम्हाला. मध्ये जेमतेम एक माणूस खुर्चीतून उठेल एवढा वेळ.

त्या गलक्यानं आजींचे डोळे उघडले. सवयीनं त्यांनी झोतासाठी चेहरा वर केला. वर माझं पातं आणि पात्याच्या कडेला लोंबणारी राखाडी शेपटी.

त्या ओरडल्या नाहीत. "विश्वनाथ, स्टूल खाली ठेव," एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. त्यांचे गुडघे गेली कित्येक वर्षं उठताना देवाचं नाव घ्यायचे. त्या दिवशी देवाला वेळ नव्हता. हात भिंतीला घासत त्या दारामागच्या बोर्डाकडे गेल्या. दारामागे अंधार होता, पण कोणतं बटण कशाचं हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. पहिलं ट्यूबचं. दुसरं घंटीचं.

खट.

त्याच श्वासात फ्रीज थरथरला, ट्यूब लुकलुकली, आतल्या खोलीतला कूलर गर्जला. माझ्या पोटात काही आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा लाइट आली आणि मी बातमी दिली नाही.

पण कूलरच्या आवाजानं हिंमतराव पुन्हा उडाला. ट्यूबपाशी गरकन फिरला आणि गॅलरीच्या उघड्या दाराच्या चौकटीवर जाऊन बसला. तोंड बाहेर. बाहेर मावळतीचं आभाळ, वायरी, आणि झाडावर परतणाऱ्या घारी.

"ये हिंमत, ये," अहिल्यानं मूठ पुढे केली. त्यानं मान वळवलीसुद्धा नाही. शेपटी दाबून तो पुढे झुकला. अहिल्यानं ओठ जुळवले, आजींकडे पाहिलं आणि पुन्हा सोडले.

आजींच्या नजरेतून काय सुटतं? "त्याला ती शिटी येते ना ओळखू? वाजव मग."

"आजी, तू रागावशील."

"ते नंतर. आधी वाजव."

पहिल्यांदा नुसता वारा आला. तोंड कोरडं पडलं होतं पोरीचं. दुसऱ्यांदा शिटी झाली, दोन तुकड्यांची, थरथरती. हिंमतरावाचा तुरा उभा राहिला. त्यानं एकदा बाहेर पाहिलं, एकदा आत. आणि वळला. खोली ओलांडून तो तिच्या मनगटावर उतरला तेव्हा कुमुद पिठाच्या हातांनीच दार लावत होती.

पिंजऱ्याची कडी लागली. मग विश्वनाथनंच आतून कात्री आणली. "ठरलं होतं, आई. मलाही वाईट वाटतं. पण आज थोडक्यात वाचला."

अहिल्या रडली नाही. कबूल म्हटलं होतं तिनं. पिंजऱ्याला पाठ लावून फक्त उभी राहिली.

आजींनी कात्री हातात घेतली आणि बोर्डाकडे पाहिलं. "पंख्याचं बटण चालू ठेवायला घरात कोण सांगतं?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. पण जीवही सगळ्यांना प्यारा होता.

"जाळीचं दार कुणी उघडलं?"

विश्वनाथनं खाली पाहिलं.

"आणि बोलावल्यावर परत कोण आलं? तो. या घरात आज शहाण्यासारखा वागला तो एकटा, आणि पिसं त्याची कापायची?" त्यांनी कात्री शिवणाच्या डब्यात टाकली. मग माझ्याकडे बोट केलं. "कुणाचं तरी काही काढायचंच असेल तर याची पाती काढा."

"आई, मे महिना आहे," विश्वनाथ म्हणाला.

"मला सांगतोस? दिल्लीत मी तुझ्या आधी आलेय."

"अहो आई, तुमचा पंखा आहे तो," कुमुद हळूच म्हणाली. "बटणाला चिकटपट्टी लावू ना, बिल्कुल हात लागणार नाही."

"चिकटपट्टी सुटते. आपण विसरतो. पातंच नसलं तर विसरलं तरी बिघडत नाही."

रविवारी विश्वनाथनं स्टुलावर चढून माझी तिन्ही पाती उतरवली. आजींनी ती स्वतः धुतली, जुन्या साडीत गुंडाळली आणि माळ्यावर ठेवायला दिली. मला वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू? त्या उन्हाळ्यात खुर्चीतल्या आजींच्या मानेवरून घामाचे ओघळ जाताना मी वरून बघत होतो आणि मला काही करता येत नव्हतं. त्या वर्तमानपत्राची घडी हलवत बसायच्या आणि कुणी कीव केली तर म्हणायच्या, "आमच्या लहानपणी कुठे होते पंखे?" पुढे कुमुदनं जाळीत बसवलेला एक टेबलफॅन आणला. किरकिर करतो मेला. आजींनी तो आवाज न ऐकता घेऊ दिला, यातच समजा.

हिवाळ्यापासून हिंमतराव बाहेरही जाऊ लागला. पिंजऱ्यातून गच्चीवर, आणि तिथे चार काठ्यांना बांधलेल्या मोठ्या मच्छरदाणीच्या आत मोकळा. खालची कड विटांनी दाबलेली, शेजारी आजी काठी घेऊन. पंधरा ऑगस्टला मात्र गच्ची बंद. त्या दिवशी दिल्लीचं आभाळ पतंगांच्या मांज्यानं भरलेलं असतं, आणि मांजा मच्छरदाणीला विचारत नाही. शिटीही आता घरात मोकळी झाली. आजी म्हणतात, "वाजव, पण सुरात."

मित्रांनो, तुमच्या घरी पाखरू असेल तर त्याला उडू द्या. पण पिंजऱ्याची कडी काढण्याआधी मान वर करून पंख्याकडे बघू नका. तो थांबलेला दिसेल आणि तुम्हाला फसवेल. बटणापाशी जा, बोटानं चाचपून बघा. लाइट नसेल तेव्हा तर आधी जा. दार कुणी उघडणार नाही ना, ते घरातल्या प्रत्येकाला विचारा, दमून आलेल्या बाबांनाही. पाखरू चुकलं तर कात्री उचलण्याआधी आपण काय विसरलो ते आठवा.

माझ्या उघड्या पोटाखाली अहिल्यानं सुतळीचा झोपाळा बांधला आहे. संध्याकाळी खोलीत घेर घेऊन झाला की हिंमतराव त्यावर येऊन बसतो आणि चोच पाठीत खुपसून डुलकी काढतो. खाली आजी. कुणी मानाचं माणूस आलं की त्या अजूनही म्हणतात, "इथे बसा, पंख्याखाली." माणूस वर बघून बुचकळ्यात पडतो.

मी हलत नाही. त्याची झोप मोडेल.