पळालेल्या कुत्रीची थाळी

गिरजा गेली त्या दिवशी नत्थूलालने भात दोनदा मागून घेतला होता. ही एक गोष्ट तो कुणालाच माफ करायला तयार नव्हता.

धानाच्या रोवणीचे दिवस होते. बायको गिरजा गोंदियाला दवाखान्यात, मुलगा खुमेंद्र तिच्याजवळ, आणि नत्थूलाल सालेकशाजवळच्या आपल्या गावात, शेताच्या बांधीतल्या चिखलात. सकाळी खुमेंद्रचा फोन आला, "माय झोपली हाये. तुम्ही रोवणी आटपून घ्या." रोवणाऱ्या बाया त्या दिवशी गाणं म्हणत नव्हत्या, म्हणून नत्थूलालने त्यांना टोकलंही, "काऊन जी, आज तोंडात चिखल गेला का?" कुणी वर पाहिलं नाही.

दुपारी शेजारचा बकाराम बांधीवर आला. "चल, घरी बलावलं," एवढंच म्हणाला. घरी येऊन पाहतो तर अंगणातला ट्रॅक्टर रस्त्यावर काढून ठेवलेला, ओसरीवर गावातली माणसं बसलेली, आणि आमगावची त्याची मोठी बहीण सुशीलाबाई चुलीपाशी.

"बाई, तू कवा आली? गिरजेचा काही फोन?"

"आधी दोन घास खाऊन घे," सुशीलाबाई म्हणाली. "मंग सांगतो."

गावाची रीतच ती. मरणाची बातमी उपाशी पोटी सांगायची नाही. एकदा सांगितली की चूल विझते आणि मढं उठेपर्यंत घरच्या माणसाच्या पोटात अन्न जात नाही, म्हणून आधी जेवू घालायचं. नत्थूलालने स्वतः दुसऱ्यांच्या घरी असं केलं होतं. पण आपल्या पुढ्यात ताट आलं तेव्हा त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही. चिखलातून आलेला माणूस, भूक सपाटून लागलेली. त्याने भात खाल्ला, पुन्हा मागितला, लोणचं मागितलं. वर बकारामला म्हणाला, "तू कायले मेल्यावानी बसला बाप्पा?" कुणी हसलं नाही. त्याने हात धुतले, तेव्हा सांगितलं. गिरजेला घेऊन गाडी तोवर आमगाव ओलांडून आली होती.

म्हणजे साऱ्या गावाला माहीत होतं. रोवणाऱ्या बायांना माहीत होतं. ज्याची बायको गेली होती त्यालाच माहीत नव्हतं, आणि तो लोणचं मागत होता.

हिवाळ्यात खुमेंद्र नागपूरहून आला तो गाडीत एक कुत्री घालून. गोंदियाला नीतू नावाची बाई रस्त्यावरची, टाकलेली कुत्री घरामागच्या वाड्यात सांभाळायची आणि चांगलं घर पाहून द्यायची. तिच्याकडून आणलेली. रेल्वे फाटकाजवळ कुणीतरी खोक्यात घालून सोडली होती म्हणे. अंग गावठी, शेपूट मात्र कुणा बंगल्यातल्या कुत्र्याची, झुपकेदार. वय वर्षाच्या आतलं.

"तुम्हाले सोबत," खुमेंद्र म्हणाला.

"मी मागितली होती का?"

"बाबूजी, एकटे राहता तुम्ही. म्हणून आम्ही ठरवलं."

"तुम्ही ठरवलं. मले पुसाचं कोणं?"

कुत्रीची थाळी, साखळी आणि नीतूबाईने दिलेलं खाणं ओसरीवर ठेवून खुमेंद्र संध्याकाळी निघून गेला. कुत्रीचं नाव ब्राउनी आहे, असं जाता जाता सांगून गेला. नत्थूलालच्या तोंडात ते नाव बसेना. रंग भुरा, म्हणून भुरी.

भुरीच्या पायात भिंगरी होती. पहिल्या दिवशी तिने फवारणी पंपाची नळी चावून टाकली. दुसऱ्या दिवशी बकारामची बदकं बोडीच्या पाण्यात हाकलली आणि त्यांच्यामागे स्वतःही उडी घेतली. वाळत घातलेलं धोतर तिने गल्लीभर फिरवून आणलं. शेताच्या धुऱ्यावरून धावत सुटली की दिसायची फक्त शेपूट. नत्थूलाल दिवसभर ओरडत असायचा. बकाराम कुंपणापलीकडून म्हणायचा, "पोरगी मोठी गुणाची हाये जी तुझी!"

"तुले पाह्यजे का? घेऊन जा."

"नोको बाप्पा. माझ्या घरी एक हाये, तेच चावते."

बकारामची बायको आतून काहीतरी म्हणायची आणि बकाराम गप्प व्हायचा.

पण नत्थूलालला एक गोष्ट हळूहळू कळली. भुरीला लपवता यायचं नाही. काही नासधूस केली की ती आपणहून समोर येऊन बसायची, कान मागे, नजर भलतीकडे. तिच्या तोंडावरूनच कळायचं की आत जाऊन पाहा, काहीतरी झालं आहे. त्या घरात इतर सगळे त्याच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलत. फोनवर खुमेंद्र, "सगळं ठीक हाये बाबूजी." सुशीलाबाई, "काही नाही, काही नाही." भुरी तेवढी जे आहे ते सांगायची. उन्हाळ्यापर्यंत तो तिच्यासाठी वेगळा भात शिजवायला लागला होता आणि हे कुणी बोलून दाखवलं तर चिडायला लागला होता.

मग गिरजेची वरसी आली. सुशीलाबाई आली, खुमेंद्र आला. वडे झाले, खीर झाली. पळसाच्या पत्रावळीवर गिरजेचं पान वाढून गुरांच्या कोठ्याच्या कौलांवर ठेवलं, कावळ्यासाठी. त्या पानाला तिकडे कागूर म्हणतात. कावळा कागुराला शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. आभाळ भरून आलेलं, कावळ्याचा पत्ता नाही. सगळे हात जोडून, मान वर करून उभे. पाहुण्यांच्या पोटात कावळे, बाहेर मात्र एक नाही.

भुरी धानाच्या तणसीच्या ढिगावर चढली. तिथून कौलांवर. कुणी "हाड" म्हणेपर्यंत वडे संपले होते. खीर तिने शांतपणे चाटून खाल्ली, पत्रावळ उलटी करून खालची बाजूही तपासली, आणि मग वरूनच सगळ्यांकडे पाहिलं. कान मागे, नजर भलतीकडे.

नत्थूलाल हसला. वर्षभरात पहिल्यांदा, आणि साऱ्यांच्या देखत. त्याला थांबताच येईना.

"गिरजेच्या पानाले कुत्र्यानं तोंड लावलन," सुशीलाबाई म्हणाली, "अन् तू हासून राहिला? ते उपाशी गेली ना रे बाप्पा वरून!"

"गिरजा उपाशी जाणारी नव्हती. दारी आलेल्या कुत्र्याले तिनं कवा हाकललन, सांग."

दुसरं पान वाढलं. त्याला उशिरा का होईना कावळा शिवला. पण जेवणानंतर खुमेंद्र आणि त्याची आत्या सुशीलाबाई कोठ्यामागे बराच वेळ बोलत उभे होते, ते नत्थूलालने पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो बांधीवरून परत आला तर भुरी नव्हती. खुमेंद्रही नागपूरला निघून गेला होता.

"दोर तोडून पळाली," सुशीलाबाई म्हणाली.

"जंगलाच्या अंगानं गेली," बकाराम म्हणाला. "मी पाह्यलो."

नत्थूलाल शोधायला निघाला. जंगलाच्या कडेने फिरला, रुळाला लागून चालला, रेल्वेच्या गँगमनना विचारलं. गावात ज्याला विचारावं तो काहीतरी सांगायचा. कुणी म्हणे तलावाकडे दिसली, कुणी म्हणे फाटकापाशी. तो तलावाकडे गेला, फाटकापाशी गेला. रोज जात राहिला. हाका मारून त्याचा घसा बसला. लोक त्याला ओसरीवर बोलावून चहा पाजत. बकारामने एकदा स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून सालेकशापर्यंत नेलं आणि तिथे स्वतःही हाका मारल्या. पुढे नत्थूलालला सगळ्यात जास्त राग आला तो या हाकांचा.

एका सकाळी त्याने भुरीचा भात शिजवला, आली तर असावा म्हणून, आणि तिची थाळी घ्यायला गेला. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, कडेला चावून वाकडी झालेली. ओसरीखाली नव्हती. कोठ्यात नव्हती. साखळीही नव्हती.

"बाई, भुरीची थाळी कोठी हाये?"

"असल तेथीच." वरसीनंतर अजून थांबलेली सुशीलाबाई तांदूळ पाखडत होती.

"नाही. साखळी बी नाही." तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "दोर तोडून पळाली म्हणते ना तू? पळणारं कुत्रं आपली थाळी संग घेऊन गेलन का?"

सूप थांबलं. सुशीलाबाईने ते बाजूला ठेवलं. मग उठली, ताट घेतलं, त्यात भात वाढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"आधी दोन घास खाऊन घे," ती म्हणाली. "मंग सांगतो."

नत्थूलालने ताट उचललं आणि अंगणात भिरकावलं. कोंबड्या धावल्या.

"मी खाणार नाही!" त्याच्या बसलेल्या घशातून आवाज फाटून आला. "आता सांग. उपाशी पोटी सांग. मेली का?"

"मेली नाही रे. खुमेंद्रनं गाडीत घालून नेली. गोंदियाले, त्या बाईकडे परत. तिची थाळी बी संग देल्ली, मुक्या जीवाले सवय असते म्हणून." तिला रडू आलं. "तुझ्या भल्यासाठीच ना. ते तुले पाडल एखाद्या दिवशी. अन् पितराच्या पानाले..."

"बकारामले माहीत होतं?"

तिने कुंपणाकडे पाहिलं.

"साऱ्यायले माहीत होतं. अन् मी गावभर बोंबलत फिरून राहिलो!"

तो तसाच स्टेशनवर गेला. न खाता, चिखलाच्या चपला घालून. गोंदियाला उतरला आणि विचारत विचारत नीतूबाईच्या घरी पोचला. पत्र्याचं फाटक, आत भुंकण्याचा एकच गोंगाट. नीतूबाई चाळिशीची, हातात झाडू, अंगावर कुत्र्यांचे केस.

"अंकल, पहले बैठो. चाय? कुछ खाया है?"

"खाने की बात नको करू तुम," नत्थूलाल म्हणाला. "पहले कुत्री दिखाव."

ती चपापली. पण तोवर भुरीने त्याचा आवाज ओळखला होता. जाळीवरून झेप घेऊन ती त्याच्या अंगावर आली. तो खाली बसला, का तिनेच बसवला, सांगता येणार नाही. त्याच्या हातावर तिच्या नखांचे लाल ओरखडे उठले.

"पर आपने ही तो मना किया था," नीतूबाई म्हणाली. "आपके बेटे ने बोला, बाबूजी से नहीं संभलती, वो परेशान हैं."

"मैं कब मना किया? मेरे को पूछा कौन?"

नीतूबाईने झाडू भिंतीला टेकवला. तिचाही पारा चढलेला दिसला. "देखो अंकल, मेरे यहाँ से लोग कुत्ता सोफा समझ के ले जाते हैं. नहीं जमा, वापस. ये बच्ची दो बार छूट चुकी है. बालाघाट की एक फैमिली आज शाम को देखने आ रही है. आपको दे दूँ और बेटा फिर छोड़ जाए तो? लगाओ उसको फोन. मेरे सामने बोले."

त्याला ते पटलं. या बाईने निदान जे होतं ते तोंडावर सांगितलं. त्याने फोन लावला आणि तिने स्पीकर चालू केला.

"बाबूजी, जेवले का?" खुमेंद्रचा पहिला प्रश्न.

"नाही. अन् मी नीतूबाईच्या घरी हावो. भुरी माझ्या मांडीवर हाये."

"आत्यानं सांगितलं का? बाबूजी, तुम्हाले एकदम सांगितलं असतं तर तुम्ही तरास करून घेतला असता. तुमचं बीपी..."

"तुझ्या मायच्या वक्ती बी बीपीच होतं. तिच्याशी लगन मी केलतो का बीपीनं?"

"बाबूजी, ते आता कायले काढता?"

"काढतो. मले सांग, तुझी माय कवा गेली?"

"कवा म्हणजे? रोवणीत..."

"सकाळी तू फोन केला. म्हणाला, माय झोपली हाये. तवा ते झोपली होती का गेली होती?"

भुरीच्या धापा तेवढ्या ऐकू येत होत्या.

"बाबूजी, घरी आल्यावर बोलू. फोनवर नको."

"बोल. पण भुरी माझ्याजवळ राहीन. पुन्हा तिले हात लावला तर मले पुसून लावाचा. हे बाईले सांग, ते ऐकून राहिली."

"हो," खुमेंद्र म्हणाला. मग थोड्या वेळाने, हिंदीत, "मॅडम, बाबूजी के पास ही रहेगी."

नीतूबाईने फोन बंद केला. आत जाऊन साखळी आणि वाकडी थाळी घेऊन आली आणि त्याच्या हातात दिली. मग बालाघाटच्या लोकांना येऊ नका म्हणून सांगायला बाजूला गेली.

कुत्रीला घेऊन गाडीत कुणी बसू देईना. शेवटी आमगावकडे रिकामा परतणारा एक छोटा हाथी, मालाचा लहान टेम्पो, मिळाला. मागे उभं राहून भुरी रस्ताभर येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकत राहिली. आमगावपासून पुढे दुसरी गाडी, मग चालत.

गावात शिरताना ओसऱ्यांवर माणसं होती. कुणी विचारलं नाही, कुठे सापडली म्हणून. बकाराम कुंपणापाशी आला.

"नत्थूलाल, माझं ऐक तर..."

"तू सालेकशाले हाका मारल्या," नत्थूलाल म्हणाला. "तू पोट फुटेपर्यंत ओरडला, भुरी, भुरी. तुले लाज नाही वाटली?"

"वाटली जी," बकाराम म्हणाला. "लय वाटली."

नत्थूलालने भुरीची साखळी ओढली. तो आत गेला. सुशीलाबाईने ताट वाढलं, या वेळी काही न म्हणता. त्याने आधी भुरीला घातलं आणि मग तिच्या शेजारी बसून खाल्लं. सुशीलाबाई दुसऱ्या दिवशी आमगावला गेली. जाताना उंबऱ्याबाहेरूनच भुरीकडे बघून म्हणाली, "नीट राह्य." ते भुरीला म्हणाली का भावाला, कळलं नाही.

रोवणी संपली. खुमेंद्रचे फोन येतात. तो तब्येत विचारतो, पाऊस विचारतो, आता भुरीचंही विचारतो. दर वेळी नत्थूलाल त्याला तोच एक प्रश्न विचारतो, आणि खुमेंद्र म्हणतो, पोळ्याले येतो, तवा बसून बोलू. पोळा झाला. खुमेंद्र आला नाही. गिरजा त्या सकाळी फोनच्या आधी गेली की नंतर, आणि जाताना काही बोलली का, हे नत्थूलालला अजून कुणी सांगितलेलं नाही.