बॅटरी उतरवण्याची वेळ

"काका, खरं सांगा. ही बॅटरी तुम्ही रोज पुरी उतरवता काय?"

मीटरच्या पिना बॅटरीला लावून पूनमने विचारले, तसे उत्तमराव सुतार चोरी पकडल्यासारखे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले.

"हाव," ते म्हणाले.

मलकापूरला बसस्टँडमागे पूनमचे दुरुस्तीचे दुकान. बिनवायरचे नवे ड्रिल आणि ही लिथियम बॅटरी उत्तमरावांनी तिच्याकडूनच नेली, त्याला अजून वर्षही झाले नव्हते, तोच बॅटरी बसली होती. हिला पार पिळायचे नाही, अर्धी असतानाच चार्जिंगला लावायची, असे पोरीने तेव्हा दहादा बजावले होते. उत्तमरावांनी मानही डोलावली होती. पण मान डोलावणे वेगळे आणि हाताची खोड मोडणे वेगळे.

त्याआधीचे ड्रिल अठरा वर्षे चालले. त्याची बॅटरी निकेल-कॅडमियमची, मनगट खाली ओढणारी. तिचा नेम नेमका उलटा. अर्धवट असताना चार्जिंगला लावली तर पुढे तेवढ्यावरच अडून बसायची, म्हणून आधी पुरी रिकामी करावी लागे. संध्याकाळी उत्तमराव न्हाणीत हातपाय धूत, तेव्हा त्यांची बायको तानुबाई ओट्यावर बसून, ड्रिल मांडीवर घेऊन, बटण दाबून धरत. त्यांच्या सोनाळा गावातल्या बायका हसत. मिस्त्रीन मशीन निजवते म्हणत. तानुबाई ढिम्म! घरघर बारीक होत होत थांबली, की न्हाणीतल्या नवऱ्याला ऐकू जाईल असे म्हणायच्या, "निजली वं माय एकदाची." मग बॅटरी चार्जिंगला लावून दोन ताटे घेत.

तानुबाईंना जाऊन दोन वर्षे होत आली. त्यांच्यामागे ओट्यावर उत्तमराव बसू लागले. जुनी बॅटरी संपली, मनगटही दुखू लागले, म्हणून हलकी लिथियम आणली, तरी ते बसणे काही सुटले नाही. पण ही नवी बया भारीच तुटक निघाली. शेवटपर्यंत तोच जोर आणि मग एकदम बंद. निजली म्हणायलाही उसंत द्यायची नाही.

पूनमने दोन वाटा सांगितल्या. पुन्हा लिथियम घ्यायची आणि नीट वापरायची, म्हणजे चार-पाच वर्षे बघायला नको. नाहीतर जुन्या बॅटरीच्या खोक्यात नवे निकेलचे सेल भरून द्यायचे. ते जड, नुसते पडून राहिले तरी उतरतात, आणि आजकाल कोणी मागत नाही. तिचे लक्ष उत्तमरावांच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे गेले.

"मी तर म्हन्ते लिथियमच घ्या, काका. हात पाहा आपला. अन् रोज उतरवाची कटकट नाई."

उत्तमरावांनी पिशवीतली जुनी बॅटरी काढली. एका हातात ती, दुसऱ्या हातात लिथियम, असे ते बराच वेळ उभे राहिले. कामाच्या माणसाने कोणती घ्यावी हे त्यांना का कळत नव्हते? सुताराचा हात गेला म्हणजे सगळेच गेले.

"कटकट नाई, तेच तर," ते शेवटी म्हणाले. "मंग संध्याकाळी मी करू काय, पोरी? दिवस बुडाला का घर खायाले उठते."

 पूनमने जुन्या बॅटरीचे खोके पुढे ओढले आणि त्याचे स्क्रू काढायला घेतले.

चौथ्या दिवशी उत्तमरावांनी जुन्या ड्रिलने एका दाराच्या बिजागऱ्या बसवल्या. मनगट इतके ठणकत होते की ड्रिल दोन्ही हातांनी धरावे लागले. संध्याकाळी ते ओट्यावर बसले. ड्रिल मांडीवर घेऊन त्यांनी बटण दाबून धरले. घरघर बराच वेळ चालली, मग बारीक झाली, अडखळली आणि थांबली.

उत्तमरावांनी न्हाणीच्या दाराकडे पाहिले.

"निजली वं माय एकदाची," तिथे ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले. मग बॅटरी चार्जिंगला लावून त्यांनी एक ताट घेतले.