प्रियदर्शनीचा मामा

पळणाऱ्या माणसांना कार्याची खरी वेळ कधी सांगू नये. संयोगितेनं लेकीच्या हळदीला सकाळी सात वाजता या म्हटलं, तर ही मंडळी पहाटे साडेचारलाच दारात हजर. पुढं शालूबाई, मागं वीस-पंचवीस माणसं, सगळी लग्नाच्या कपड्यांत आणि पायात पळायचे बूट. संयोगितेचा नवरा केरबा अजून घोरत होता. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स शालूबाई, त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. त्या म्हणाल्या, "कुणीच उठलं न्हाय अजून? लगीन आजच हाय न्हवं?"

त्यांना कामाला जुंपल्याशिवाय सुटका नव्हती. कुणी केळीचे खांब बांधले, कुणी अक्षतांच्या पुड्या केल्या, कुणी केरबाला उठवून आंघोळीला पिटाळलं. संयोगिता सगळ्यांना चहा देत होती, हसत होती, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुपारी भटजी माइकवरून मुलीच्या मामाला हाक मारणार होते, आणि प्रियदर्शनीचा सख्खा मामा, कागलचा उदयसिंह, येणार नाही म्हणून हटून बसला होता.

भांडणाचं कारण होता एक फोटो.

डॉक्टरांनी साखरेचं निदान केल्यावर संयोगिता रंकाळ्याला चालायला जाऊ लागली. तिथं ही मंडळी पळायची. ती आधी लांबून बघायची, मग मागून चालायची, आणि एक दिवस शालूबाईंनी दटावलं, "नुसतं बघून साखर उतरत न्हाय बाई, पळ." तेव्हापासून ती पळतच राहिली. पन्नाशीच्या तोंडावर तिनं पहिली पूर्ण मॅरेथॉन धरली, बेचाळीस किलोमीटरची. निम्म्याहून जास्त अंतर झालं आणि पोटऱ्या अशा आवळल्या की ती रस्त्याच्या कडेला बसलीच.

अल्लाउद्दीन खूप पुढं होता. गाद्यांचं दुकान चालवणारा हा मितभाषी माणूस गटातला सगळ्यात चांगला पळणारा. कुणीतरी त्याला सांगितलं आणि तो मागं वळून पळत तिच्याकडं आला.

"भाई, तुमी जावा. वर्षभर राबलाय ह्या शर्यतीसाठी," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी बी शर्यत हाय की. उठा ताई, त्या खांबापतोर जाऊ."

त्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत, तिथून त्याच्या पुढच्या. अशी त्यांची वरात निघाली. इकडं वेळ संपून गेली होती आणि मांडववाले शर्यत संपते तिथली कमान उतरवायला लागले होते. शालूबाईंनी बरोबर कमानीखाली टॉवेल अंथरला आणि फतकल मारून बसल्या. "आमची एक बाई रस्त्यावर हाय. ती आल्याबिगर कमान उतरायची न्हाय. उतरायचीच असली तर माज्या डोक्यावर उतरवा." मग बाकीचेही येऊन बसले. मांडववाल्यांनी बराच वेळ हुज्जत घातली आणि शेवटी तेही तिथंच बसले. संयोगिता लंगडत, रडत, अल्लाउद्दीनच्या खांद्यावर हात टाकून आली, तेव्हा त्या कमानीखाली असा गलका उठला की पहिल्या आलेल्यासाठीही तसा उठला नसेल.

दुसऱ्या दिवशी कमानीखालचा तो फोटो पेपरात आला. संयोगितेनं तो फ्रेम करून लावला. उदयसिंहनं तो कागलच्या चावडीवर, चार लोकांच्या हातात पाहिला.

तो तडक कोल्हापूरला आला आणि उभ्या उभ्याच बोलला, "केस सुटल्यात, अंगात तसली कापडं, परक्या माणसाच्या गळ्यात हात. पळणं सोड संयू. न्हायतर पोरीच्या मागं मी उभा ऱ्हाणार न्हाय."

लग्न ठरलेलं होतं. मामाविना पोर मांडवात न्यायची कशी? संयोगितेनं गिळलं. बूट पिशवीत घालून माळ्यावर टाकले आणि पहाटे जाग आली की भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागली.

आठवडाभरानं अल्लाउद्दीन दारात आला. तिला वाटलं, परत चला म्हणायला आला असेल. तो म्हणाला, "बरोबर केलंसा ताई. पळणं कवाबी सुरू करता येतंय, तुटलेला भाऊ जुळत न्हाय. पोरीच्या मागं मामा पायजेच." एवढं बोलून, चहासुद्धा न घेता गेला.

संयोगिता कितीतरी वेळ उंबऱ्यात उभी राहिली. सख्ख्या भावानं तिला तोडायची धमकी दिली होती, आणि ज्याच्यावरून धमकी दिली तोच माणूस तिचं भावाशी नातं टिकवायला आला होता. तिला स्वतःचाच राग आला. तिनं बूट खाली काढले आणि कागलला फोन लावला.

"दादा, मी पळणार हाय. लग्नाला ये, तुजी वाट बघती. पर अट घालून येऊ नगो."

पलीकडून फोन कट झाला.

प्रियदर्शनी जवळच बसली होती. ती म्हणाली, "आई, मामा म्हंजे आईचा भाऊच न्हवं? मग अल्लूमामांना सांग की." व्याही पेठ वडगावचे. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "मुलीचा मामा कोण, हे मुलीच्या आईनं सांगायचं. आमी कोण इचारणार?" आढेवेढे घेतले ते अल्लाउद्दीननंच. "उभा ऱ्हातो ताई. पर उदयसिंहदादा आलं तर मी बाजूला हुणार, हे आधी कबूल करा." संयोगितेनं मान डोलावली.

कार्यालयात दुपारी पळणाऱ्यांनी वाढपाचा ताबा घेतला. चालत वाढणं त्यांना जमेना. धावत येऊन पानाशी पाण्याचा ग्लास टेकवायचा आणि धावत पुढं जायचं, असा प्रकार बघून वडगावची म्हातारी माणसं चकित झाली. अल्लाउद्दीनला गुलाबी फेटा बांधला होता आणि तो त्याला दिसतही होता झकास.

माइक खरखरला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

अल्लाउद्दीन प्रियदर्शनीचा हात धरून चालू लागला, आणि नेमका तेव्हाच उदयसिंह दारातून आत आला. अंगात कडक इस्त्री, डोक्याला फेटा, चेहरा उतरलेला. मांडवात कुजबुज सुरू झाली. अल्लाउद्दीननं त्याला पाहिलं आणि ठरल्याप्रमाणं हात सैल केला. प्रियदर्शनीनं तो दुप्पट जोरानं धरला.

"मामा, सोडू नका," ती हळूच म्हणाली.

संयोगिता पुढं झाली. "दादा, आलास, लई बरं झालं. पर पोरीच्या मागची जागा भाईंची. तू त्यांच्या मागं उभा ऱ्हा."

एवढ्या लोकांत उदयसिंहला असं कुणी कधी बोललं नव्हतं. तो लालेलाल झाला. परत फिरणार असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात हातातली भाताची परात खाली ठेवून शालूबाई आल्या आणि त्यांनी त्याच्या मुठीत अक्षता कोंबल्या. "धरा पावणं. आमच्यात मागं ऱ्हायलेल्याला कुणी सोडून जात न्हाय."

उदयसिंह भाचीकडं पाहत राहिला. मग गुमान जाऊन अल्लाउद्दीनच्या पाठीशी उभा राहिला. मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, ताशा वाजला. अल्लाउद्दीन रडत होता आणि फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत होता. एका पहाटेच्या चालण्यातून आपण केवढी माणसं कमावली, हे पाहून संयोगितेचा ऊर अभिमानानं भरून आला.

वडगावच्या तानाबाई, नवऱ्या मुलाची आजी, आहेर घेऊन आल्या. दोन फेटे बघून त्या घोटाळल्या. "ह्यातला पोरीचा मामा कंचा म्हणायचा?"

संयोगिता उत्तर द्यायला वळली, पण उदयसिंहनं तिच्या आधी बोट दाखवलं.

"त्ये म्होरलं," तो म्हणाला. "मी मागनं आलोय."