बांधाखालची बोट

वादळाला तीन महिने झाले, तरी सूनबाई रडली नव्हती. वस्तीतली चाळीस घरं बोटींवर राहणारी, बातमी पसरायला वेळ तो कितीसा! बायका म्हणायच्या, धक्का बसलाय बिचारीला. बसला होताच. पण त्याखाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी नवरा तापाने फणफणून बोटीत झोपला होता. वारा वाढला तसे तिने बांधाच्या कड्यांना दोर बांधले. आखूड आणि करकचून. दहा वर्षं पाण्यावर काढलेली बाई ती! पाणी चढताना दोराला ढील हवी, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण सासूबाईंना उंचावर पोचवायची घाई होती. ती धावत परतली तेव्हा दोरांनी बोटीचं नाक खालीच धरून ठेवलं होतं. तिच्या डोळ्यांदेखत बोट बुडाली. लाटा अडवणारा दगडी बांध ढासळला तो त्यानंतर, बुडालेल्या बोटीवर. वस्तीत तेव्हा चिटपाखरूही नव्हतं.

लोकांनी नंतर पाहिलं ते एवढंच, की वर दगड, खाली बोट आणि बोटीत माणूस. देह तेवढा फटीतून काढता आला, बोट दगडांखालीच राहिली. झालं! खापर फुटलं मिस्त्रीच्या डोक्यावर. बांधाची डागडुजी वर्षानुवर्षं तोच करायचा. सासूबाईंनी त्याला चारचौघांत खुनी म्हटलं. तेव्हापासून म्हातारा बोटीबाहेर पडला नव्हता. सूनबाई गप्प राहिली.

आता बांध पुन्हा उभा राहत होता. पडलेले दगड क्रेनने उचलून झाले आणि पाणबुड्या खाली उतरला. बोट धड असेल तर वर काढायची, नाहीतर तिच्यावरच पाया भरायचा, असं ठरलं होतं. सूनबाई सकाळपासून काठावर उभी होती. बोट वर आली की दोरही येणार. ते किती आखूड होते, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

पाणबुड्या वर आला. "काही राहिलं नाही हो. नुसता भुगा. दोरबीर सगळ्याचा चेंदामेंदा झालाय. खुशाल दगड टाका."

आपण सुटलो, हे तिला कळलं. नुसतं कळलं. बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. मिस्त्री आला होता, इस्त्रीचा सदरा घालून. तिच्यापुढे त्याने हात जोडले.

"सूनबाई, मी दरवर्षी फटी बुजवत होतो गं. कुठे चुकलं, अजून कळत नाही. पण चुकलंच असणार. मला माफ कर."

क्रेनवाल्याने इंजिन बंद केलं. सगळे तिच्याकडे बघत होते. दोर मी बांधले होते. चार शब्द, तीन महिने तोंडात तयार. तिने तोंड उघडलं.

"असू द्या, काका," ती म्हणाली. "केलं मी माफ."

म्हातारा मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला.

"आमची सून देवमाणूस आहे म्हणून सुटलात, मिस्त्री!" सासूबाई म्हणाल्या. लोकांनी माना डोलावल्या. क्रेन सुरू झाली, पहिला दगड पाण्यात गेला.

सूनबाईने वाकून म्हाताऱ्याला उठवलं. तो उभा राहिला, पण तिचा हात काही सोडेना.