एक मोटरसायकल, सासूबाईंसकट

स्वतःची मोटरसायकल घेऊन परदेशी जायचं हे चष्मेवाल्याच्या मनात बरीच वर्षं होतं. बायकोच्या कानावर त्याने ते घातलं, तेव्हा तिचे दोन्ही हात उशीच्या अभ्र्यात अडकलेले होते. तिने मान वर न करता विचारलं, "कुणाबरोबर?"

"एकटाच."

"मग नाही."

चष्मेवाल्याचं दुकान चौकात होतं. दिवसभर तो लोकांना खालची ओळ वाचायला सांगायचा, आणि त्याची स्वतःची नजर मात्र काचेपलीकडे, स्टँडवर उभ्या केलेल्या गाडीवर असायची. गाडी लग्नाच्या आधीची. रंगाला तडा नाही, टाकीला पोचा नाही. फक्त चालताना डावीकडून कुठून तरी खुळखुळायची. ते कुठून, हे शोधताना चार मेकॅनिकांनी हात टेकले होते. पुढे त्याला ते खुळखुळणं ऐकू येईनासं झालं, जसं स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही.

त्याने सोबत शोधली. एका मित्राची कंबर आड आली, दुसऱ्याचा मालक, आणि तिसरा फोनच उचलेना.

"मी येते," सासूबाई म्हणाल्या. त्या यांच्याकडेच राहत, आणि आत्ता खुर्चीत बसून नखं कापत होत्या.

सासूबाईंची धाकटी मुलगी लग्न होऊन दोन देश पलीकडे गेली होती. तिकडे सगळा रस्ताच होता, समुद्र कुठेच नव्हता. विमानात बसायचं सासूबाईंनी कधीच नाकारलं होतं. खिडकी उघडता येत नाही अशा गाडीत मी बसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"आई, तुझं वय काय," बायको म्हणाली.

"मला बसायचंच तर आहे. चालवणार ते."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. सासूबाई म्हणजे काही त्याच्या स्वप्नातल्या सोबतीण नव्हत्या, पण नाही म्हणालो तर हीही संधी जाईल, हे त्याला कळत होतं. पुढच्या आठवड्यात त्याने मागच्या सीटला पाठ टेकायला आधार बसवून घेतला आणि सासूबाईंसाठी निळं हेल्मेट आणलं. सवय व्हावी म्हणून त्या ते घरातही घालू लागल्या. हेल्मेट घालून टीव्ही पाहायच्या, हेल्मेट घालूनच फोनवर बोलायच्या आणि समोरच्याला म्हणायच्या, तुझा आवाज आज का असा येतोय.

गाडी परदेशात न्यायची तर तिला स्वतःचं पुस्तक लागतं, माणसाच्या पासपोर्टासारखं. देशात शिरताना एक शिक्का, बाहेर पडताना दुसरा. दुसरा शिक्का नसला, तर गाडी तुम्ही तिथेच विकून खाल्ली असं धरतात. चष्मेवाल्याने ते पुस्तक मिळवलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी बांधलं, आणि एका सकाळी दोघं निघाले. मुलगी शिकायला बाहेरगावी होती; बायको एकटीच दारात उभी राहून हात हलवत होती. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. तिचा चेहरा बऱ्याच दिवसांनी घर मोकळं मिळालेल्या माणसासारखा होता.

पहिल्या देशाच्या सीमेवरच्या नाक्यावर एक सडपातळ, तरुण साहेब होता. त्याच्या गणवेशाला अशी इस्त्री होती, की तो बसायचंही टाळायचा. त्याने पुस्तकातले नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवले. मग 'खास ओळखीची खूण' या ओळीपाशी त्याचं पेन अडलं. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून तो म्हणाला, "ओरखडा नाही. पोचा नाही."

"मी जपतो तिला," चष्मेवाला अभिमानाने म्हणाला.

"कौतुक आहे. पण माझी ओळ रिकामी राहते. चालू करा बघू."

चष्मेवाल्याने किक मारली. साहेब कान देऊन उभा राहिला आणि हळूहळू त्याचे डोळे मिटले.

"हे काय वाजतंय?"

"ते काही नाही. वाजतं ते."

"कधीपासून?"

"माझ्या मुलीच्या लग्नापासून," मागून सासूबाई म्हणाल्या.

साहेबाने लिहिलं: डाव्या बाजूने खुळखुळ आवाज, कायमस्वरूपी. आणि शिक्का मारला.

त्या देशात रस्ते सरळ होते आणि दोघांचं छान जमलं. सासूबाई वळणावर त्याच्याबरोबर झुकायला शिकल्या. एका गावात मात्र क्लचची केबल तुटली. बाजारामागच्या गॅरेजची मालकीण मोठ्या हाडापेराची बाई होती, बाह्या दुमडलेल्या, बोलणं जेमतेम. तिने रात्रभर गाडी ठेवून घेतली आणि सकाळी केबल बदलून परत दिली.

गावाबाहेर पडल्यावर सासूबाईंनी त्याच्या खांद्यावर टकटक केलं. "जावईबापू, गाडी बंद पडली का?"

"नाही आई, चाललोय की आपण."

"मग वाजत का नाही?"

त्याने गाडी कडेला घेतली, बंद केली, पुन्हा चालू केली. इंजिन गुळगुळीत चाललं होतं. खुळखुळ नव्हती. चार मेकॅनिकांना जे जमलं नाही, ते त्या बाईने न सांगता करून टाकलं होतं. चष्मेवाल्याला आनंद व्हायला हवा होता. पण घरातलं जुनं माणूस गावाला गेल्यासारखं काहीतरी त्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं.

"आता तुमचं गाणं ऐकू येतं," सासूबाई थोड्या वेळाने म्हणाल्या. "इतकी वर्षं मला कल्पनाच नव्हती."

त्याने गाणं बंद केलं.

देशातून बाहेर पडायच्या नाक्यावर एक वयस्क मोठे साहेब होते. ते पुस्तक हात लांब करून वाचत. चष्मेवाल्याच्या लगेच लक्षात आलं की यांना जवळचा नंबर लागलाय, पण आत्ता चष्म्याचं काढलं तर लाच वाटेल म्हणून तो गप्प राहिला. मोठ्या साहेबांनी गाडी चालू करायला लावली, डावीकडे वाकून ऐकलं, मग उजवीकडेही ऐकलं.

"ही ती गाडी नाही," ते म्हणाले.

"नंबर बघा ना साहेब. इंजिनचाही नंबर तोच आहे."

"नंबर कुणीही ठोकून देतं. आवाज कसा बदलेल?"

"दुरुस्त झाला तो."

"इथे कायमस्वरूपी लिहिलंय."

मोठे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी दोघांना विश्रांतीची खोली दिली, सासूबाईंसाठी वेगळी गादी मागवली, आणि सांगितलं की आवाज सापडला की लगेच शिक्का मारतो.

मग आवाज शोधणं सुरू झालं. चष्मेवाल्याने टूलबॉक्समध्ये चमचा टाकून पाहिला. मोठ्या साहेबांनी फोन लावून तो आवाज पलीकडच्या नाक्यावरच्या सडपातळ साहेबाला ऐकवला. पलीकडून उत्तर आलं, "हा फार उथळ आहे." डब्यात खिळे घालून पाहिले. "हा रागावलेला वाटतो. तो तसा नव्हता." रांगेत थांबलेल्या ट्रक ड्रायव्हरांना हे कळल्यावर ज्याच्याकडे जे वाजण्यासारखं होतं ते घेऊन तो आला. कुणी किल्ल्यांचा जुडगा आणला, कुणी सैल झालेला आरसा. एकाने आपली कवळी काढून देऊ केली. सासूबाई बाकावर बसून एकेक आवाज ऐकत आणि मान हलवत. नाक्याचं बाकी काम थांबलं होतं, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार दिसत नव्हती.

शेवटी सडपातळ साहेब रजा टाकून बसने अख्खा देश ओलांडून आला. त्याने स्वतः किक मारली आणि डोळे मिटले.

"गाडी तीच आहे," तो म्हणाला. "पण रिकामी वाटते."

मोठ्या साहेबांनी गॅरेजवालीला फोन लावला. ती म्हणाली, सायलेन्सरच्या पट्टीमागे एक वॉशर टाकलाय, बाकी काही केलं नाही.

"तो काढायचा कसा, तेवढं सांगा," चष्मेवाला म्हणाला.

"सांगणार नाही. मी दुरुस्त केलेलं बिघडवत नाही."

"बाई, आम्ही इथे अडकलोय."

"ते ठीक आहे. उद्या लोक म्हणतील, हिच्याकडून नेलेली गाडी नाक्यावर खुळखुळत होती." तिने फोन ठेवला.

चष्मेवाल्याने पाना काढला आणि गाडीखाली शिरला. पट्टी त्याला सापडली, पण तिच्यावरचे बोल्ट तिने असे आवळले होते की पानाच वाकला. तो बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड काळं आणि डोळे ओले होते. डोळ्यात घाण गेली, असं त्याने सांगितलं.

दोन्ही साहेब आत जाऊन बसले. बाहेर आले तेव्हा त्यांनी तोडगा काढलेला होता. गाडी आवाज घेऊन देशात आली आणि आवाजाशिवाय चालली, म्हणजे आवाज देशातच राहिला. म्हणजे ती आयात झाली. आयातीवर कर भरला की प्रश्न मिटला.

"आवाजाची किंमत सांगा," मोठे साहेब म्हणाले.

चष्मेवाला उभा राहिला. आपण काय बोलणार आहोत हे त्यालाही माहीत नव्हतं. "साहेब, लग्न करून बायकोला घरी आणलं ना, तेव्हा हा आवाज नुकता सुरू झाला होता. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात ह्याच आवाजावर गेलो. दुकान टाकलं तेव्हा. वडील गेले तेव्हा. त्याची किंमत नाही होऊ शकत."

सडपातळ साहेबाने रुमाल काढला. मोठ्या साहेबांची मात्र पंचाईत झाली. "किंमतच नाही झाली, तर कर कशावर लावू?"

"फुकट आहे," सासूबाई बाकावरून म्हणाल्या. "तुम्हाला ठेवून घ्या. आमच्या आळीत त्याने कुणाला झोपू दिलं नाही."

"दोघांची मिळून एकच किंमत सांगा."

दोघं कोपऱ्यात गेले. चष्मेवाला कुजबुजत म्हणाला की असं शून्य म्हणणं त्याच्या जिवावर येतं. सासूबाईंनी त्याच्या गालावरची काजळी पदराने पुसली. "जावईबापू, तुमच्याकडे राहायला यायच्या आधी मी दर संध्याकाळी खिडकीत बसून तोच आवाज ऐकायची, मुलगी आली म्हणून. मला नाही का त्याचं काही? पण इथून निघायचंय आपल्याला."

किंमत शून्य लागली. शिक्का बसला. निघताना चष्मेवाल्याने मोठ्या साहेबांना बाजूला घेऊन, आता काम झालंय म्हणून सांगतो, तुम्हाला चष्मा लागलाय, असं सांगितलं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं आणि निरोपाला बाहेर आले नाहीत.

पुढच्या देशाच्या नाक्याच्या खिडकीत एक बाई होत्या, गोड स्वभावाच्या. त्यांनीही गाडीभोवती फेरी मारली. "काही खूण?"

"काहीच नाही," चष्मेवाला घाईने म्हणाला. "आवाजसुद्धा नाही."

बाईंनी चालू गाडी ऐकली, मान डोलावली, आणि मग त्यांची नजर मागच्या सीटवर गेली. तिथे सासूबाई निळं हेल्मेट घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या. बाईंनी काहीतरी लिहिलं, शिक्का मारला आणि प्रवासाला शुभेच्छा दिल्या.

काय लिहिलं होतं, ते मेहुणीच्या घरी पोचल्यावर, अंघोळी-जेवणं झाल्यावर, मेहुणीने पुस्तक चाळताना वाचलं. "ओळखीची खूण: मागे बसलेली सासू, निळी टोपी. कायमस्वरूपी."

सुरुवातीला सगळे हसले. बेत असा होता, की सासूबाई धाकटीकडे राहतील आणि चष्मेवाला आठवड्याभराने एकटा परत फिरेल. त्याने त्या बाईंना फोन केला. "खूण काढता येईल का?"

"खूण काढता येत नाही," बाई समजावून म्हणाल्या. "ती असते. आईंना सोबत आणा, लगेच सोडते."

"त्या इतक्यात निघणार नाहीत."

"मग सावकाश या."

सासूबाईंना हे फार आवडलं. धाकटीच्या घराला मोठं मोकळं आवार होतं, धाकटा जावई ऐकून घेणारा होता, आणि आता आपल्याशिवाय एक अख्खी मोटरसायकल हलू शकत नाही हे कळल्यावर त्यांचं चालणंच बदललं. चष्मेवाल्याने नाक्यावरचा अनुभव ध्यानात ठेवून कानाला खडा लावला होता. साधं कोपऱ्यावर जायचं असलं तरी तो सासूबाईंना मागे बसवल्याशिवाय किक मारत नसे. महिना गेला, थंडी आली. त्याने जवळच्या चष्म्याच्या दुकानात काम धरलं. रोज सकाळी सासूबाई त्याला दुकानापर्यंत सोडायला येत आणि मेहुणी त्यांना आपल्या कारने परत आणी, संध्याकाळी पुन्हा नेऊन सोडी. दुकानातले लोक त्याला 'आईवाले' म्हणू लागले.

बायको फोनवर आधी हसली, मग चिडली, मग एक दिवस विमानाने आली. टॅक्सीतून उतरली तर आवारात सासूबाई हेल्मेट घालून उभ्या गाडीवर बसल्या होत्या आणि कुंपणापलीकडच्या शेजारणीशी बोलत होत्या. चष्मेवाला खाली बसून चाकाच्या तारा पुसत होता.

चहा झाल्यावर सगळे टेबलाभोवती बसले. "आता बास," बायको म्हणाली. "आई, रविवारी निघायचं. तू आणि हे गाडीवर, मी विमानाने."

"निघू की," सासूबाई म्हणाल्या. "बर्फ वितळू दे."

"आई, ह्यांचं दुकान बंद आहे तिकडे."

"इथे चालू आहे ना?"

बायकोने नवऱ्याकडे मोर्चा वळवला. "तुम्ही काही बोलणार आहात का?"

चष्मेवाला कप फिरवत राहिला. त्याला घरी जायचं होतं, हे खरं. पण इतका लांबचा प्रवास संपवायची घाई त्यालाही नव्हती, हेही तितकंच खरं. "आई म्हणतील तसं," तो म्हणाला.

"मी म्हणते तसंच होणार," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "कुणी जबरदस्ती केली, तर मी नाक्यावर सांगेन की ही गाडी मी कधी पाहिलेलीच नाही."

बायकोने बॅग जवळ ओढली, चेन उघडली आणि बहिणीला विचारलं, की कपडे ठेवायला एखादा खण रिकामा आहे का.